वडा आधी, डोसा नंतर : बजाजनगरातलं झटपट खाणं

‘फास्ट फूड’ आणि ‘फास्ट कॅज्युअल’ हे शब्द अमेरिकेतले; पण त्यांतला फरक बघायला बजाजनगरचा चौक पुरेसा आहे. एका गाडीवर वडे तळून परातीत रचलेले असतात. माणूस येतो, पैसे देतो, पाव हातात घेऊन चालायला लागतो. शेजारच्या दुकानात आधी टोकन घ्यायचं, तव्यावर आपला डोसा पडताना बघायचा, नंबर पुकारला की ताट आपणच उचलायचं. वेटर दोन्हीकडे नाही. मग फरक कसला? आमच्या मते, पदार्थ गिऱ्हाईक येण्याआधी तयार होतो की आल्यानंतर, एवढाच.

ही रीत आपल्या भागाला नवी नाही. नान-खलिया घ्या. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्कराला एकाच वेळी जेवू घालण्यासाठी हा पदार्थ निघाला, असं सांगतात. आख्यायिका म्हणूनच घ्या. पण पदार्थाची बांधणी बघा : नान आधीच भाजून ठेवलेले, खलिया देगेत शिजलेला, माणूस आला की फक्त वाढायचं. फास्ट फूडच की हे!

अमेरिकेत 1948 साली मॅकडोनाल्ड बंधूंनी सॅन बर्नार्डिनोच्या आपल्या हॉटेलात यादी 9 पदार्थांवर आणली, हॅम्बर्गर 15 सेंटला ठेवला आणि मागणी येण्याआधीच तो बनवून ठेवायला सुरुवात केली. स्वयंपाकघराला कारखान्याची शिस्त लागली. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्याकडे कारखाना कायदा झाला. सलग 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती, असा त्याचा नियम होता. आणि 250 पेक्षा जास्त कामगार असतील तिथे सरकारने सांगितल्यास कँटीन द्यावं लागत असे. या 250 च्या आकड्याकडे जरा लक्ष द्या.

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. त्याच्याभोवती सुटे भाग करणारे लहान कारखाने वाढले. जिथे माणसं अडीचशेच्या आत, तिथे या कायद्याने कँटीनची सक्ती नव्हती. गेटबाहेर जायचं, खायचं, हात धुऊन परत मशीनवर यायचं, हे सगळं त्या अर्ध्या तासात. डोशाच्या रांगेत 10 मिनिटं गेली तर उरलं काय? म्हणून वडा. चवीचा प्रश्न पुढचा.

मुंबईच्या गिरणगावात याला खानावळ हे उत्तर होतं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. तिथे चपाती-भाजी घरची, हिशेब महिन्याचा. बाहेरगावाहून आलेल्या एकट्या पोरांना आजही मेस लागते, ती याच कुळातली. वडापाव त्याआधीचा; दादर स्टेशनबाहेर 1966 मध्ये अशोक वैद्यांनी तो सुरू केला असं मानलं जातं. स्टेशनबाहेर, हे महत्त्वाचं. गाडी पकडणाऱ्या माणसाचं ते खाणं.

आता दुसरा प्रकार. स्टीव्ह एल्स यांनी 1993 मध्ये डेन्व्हरला चिपोटले काढलं. तिथे आमची व्याख्या थोडी ताणावी लागते, कारण भात, मांस, उसळ आधीच शिजलेलं असतं. पण जुळवणी तुमच्या सांगण्याप्रमाणे, तुमच्या डोळ्यांसमोर होते. दर जास्त, बसायला जागा बरी. गंमत म्हणजे बंगळुरूच्या दर्शिनी हॉटेलांनी हे 1980 च्या दशकातच केलं होतं : काउंटरवर पैसे, गरम डोसा, उभ्याने खाणं, आणि दर मात्र स्वस्त. स्वस्ताई आणि ताजेपणा एकत्र बसत नाहीत, हे अमेरिकेतलं गणित आपल्याकडे जसंच्या तसं लावता येत नाही, ते यामुळे.

बजाजनगरात आम्हाला दिसतं ते असं, की दोन्हीकडचं गिऱ्हाईक पुष्कळदा एकच असतं. पाळीच्या दिवशी वड्याच्या गाडीवर उभा राहणारा कामगार सुट्टीच्या संध्याकाळी बायको-मुलांना घेऊन टोकनच्या रांगेत लागतो. आणि तेव्हा डोशाला 20 मिनिटं लागली, तरी तो घड्याळ बघत नाही.