वही वाचायची कोणी?

लक्ष्मीपूजनाला आमच्या मंचरच्या पेठेत नव्या वह्यांना हळदकुंकू लागते, तसे अलीकडे वह्यांशेजारी संगणक आणि मोबाइलही पूजेला मांडलेले दिसतात. जुन्या मंडळींना याची गंमत वाटते. मला तितकी वाटत नाही. हिशोबाची साधने आमच्या मुलखात फार पूर्वीपासून बदलत आली आहेत.

किती पूर्वीपासून, हे पाहावयाचे असेल तर वाचकांनी जुन्नरकडून नाणेघाटात जावे. तेथील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत कोणती दक्षिणा दिली त्याची ती यादी: कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती, कुठे १०,००१ गाई, कुठे हजारांनी कार्षापण. १८२८ साली विल्यम साइक्स यांनी हा लेख पाहिला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील अंकचिन्हांचा अभ्यास केला. दहाला एक खूण, शंभराला दुसरी, हजाराला तिसरी. राणीच्या पुण्याचा हा जमाखर्च घाट चढून येणाऱ्या बैलवाल्यांपैकी किती जणांना वाचता येत असेल? बाहेरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी पडत, असे लोक सांगतात. नाणी टाकणे मात्र सर्वांनाच येत असणार.

मधली शतके मी एका ढांगेत ओलांडतो. कागद आला, मोडी आली, रोजकीर्द आणि खतावणी आली. फडाचा हिशोब सांभाळणारा फडणीस इतका मोठा झाला, की नाना फडणवीसांच्या हाती पेशवाईचा कारभार गेला. इकडे गावोगाव सावकाराच्या चोपड्या भरत होत्या. कुणबी अंगठा उठवी. वर काय लिहिले आहे ते सावकार सांगेल तेच खरे.

१२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी याचा स्फोट झाला. लोकांनी सावकारांची घरेदुकाने गाठली, खते आणि चोपड्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. कित्येक ठिकाणी जमावाने आधी कागद मागितले; ते मिळाल्यावर माणसाला हात लावण्याचे कारण उरले नाही. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. रक्कम फेडली की पावती द्यावी, दरसाल हिशोबाचा उतारा द्यावा, कुळाने केलेले खत गावच्या निबंधकापुढे लिहिले जावे. कायदा शहाणा होता. पण मिळालेला उतारा वाचायचा कोणी?

हाच प्रश्न मनात ठेवून मी आजच्या नव्या कारकुनाकडे पाहतो. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि लहान दुकानदारही संगणकावरच्या हिशोबाकडे ढकलला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले. तेव्हापासून कृत्रिम बुद्धिमत्तेशी साध्या मराठीत बोलता येऊ लागले. अडत्याच्या पट्टीचा फोटो दाखवावा, की ते यंत्र अक्षरे लावते आणि हमाली, तोलाई, भाडे अशी खाती पाडून देते. मात्र ते मुनीमजींसारखे मोजत नाही. अफाट मजकूर वाचून पुढे काय येण्याजोगे आहे याचा ते अंदाज बांधते, आणि म्हणून कागदावर नसलेला आकडाही कधीकधी मोठ्या ऐटीत लिहिते. बेरीज हिशोबाच्या तक्त्याकडून करून घ्यावी आणि मूळ पट्टी फाडू नये, इतके मी विचारणाऱ्यांना सांगतो. आमच्या मराठी आकड्यांची त्यात आणखी भर. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच! जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकून घेत, त्या बाजारात फसू नये म्हणूनच.

आमच्या शेजारच्या घरी बटाट्याचे पीक असते. गेल्या हंगामात नववीतल्या नातीने पट्ट्यांचे फोटो काढले, कागदावर नसलेले खर्च आजीने तोंडी सांगितले, आणि सगळा हिशोब मोबाइलने मोठ्याने वाचून दाखवला. आजीला अक्षरओळख नाही. इतक्या वर्षांत तिच्या शेताचा हिशोब तिला असा ओळीने कोणी ऐकवलेला नव्हता. गाडीहमाली दोनशे, असे येताच तिने हात वर केला.

"पावणेदोनशे म्हनले मी. दोनशे न्हाई."

नातीने आकडा १७५ केला. आजी पदर सावरून आणखी जवळ सरकली आणि म्हणाली, "आता गेल्या सालचंबी वाच. त्या पट्ट्या डब्यात हायेत."