कर्ता कोण?

दिवाळीच्या फराळात इतिहास वाढला तर वाचक नाक मुरडतील, हे मी जाणून आहे. परंतु आज ज्या गृहस्थांची ओळख करून द्यायची आहे, त्यांचा इतिहास राजवाड्यातला नाही. तो कापसाच्या मळ्यातला आहे.

विल्यम ड्यू बॉइस १८६८ साली अमेरिकेत जन्मले, तेव्हा तेथील गुलामगिरी कायद्याने संपून तीन वर्षेही झाली नव्हती. १८९५ साली त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. असे करणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुढे अटलांटा विद्यापीठात ते इतिहास व अर्थशास्त्र शिकवू लागले. मोजूनमापून सत्य मांडले की लोकांचा आकस विरेल, अशी त्यांची श्रद्धा होती. कोणत्या मास्तराची ती नसते? १८९९ च्या एप्रिलात त्याच राज्यात सॅम होज नावाच्या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने जिवंत जाळले. ड्यू बॉइस लेखी निवेदन घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. वाटेत त्यांना कळले, त्या मजुराच्या बोटांची हाडे एका दुकानात मांडून ठेवली आहेत. ते तसेच माघारी फिरले. नुसते अलिप्त संशोधक होऊन राहणे त्यानंतर त्यांना जमले नाही.

मात्र संशोधन त्यांनी सोडले नाही. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात 'गुलामांना मुक्त करण्यात आले' असे शाळेची पुस्तके सांगत. या वाक्यात गुलाम कर्ता नाही, हे माझ्या वर्गातले पोरही सांगेल. १९३५ च्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथात ड्यू बॉइस यांनी कर्ता बदलला. त्यांच्या अंदाजाने पाच लाखांच्या आसपास गुलाम मळे सोडून उत्तरेच्या फौजेकडे निघून गेले आणि दक्षिणेची कंबर मोडली. याला त्यांनी 'सार्वत्रिक संप' म्हटले. मी कादंबऱ्या लिहितो. पात्राच्या हातून काहीच न घडवता त्याचे भले करणारा लेखक मला कधी खरा वाटला नाही.

मग गोरे आणि काळे मजूर पुढे एक का झाले नाहीत? ड्यू बॉइस म्हणतात, गोऱ्या मजुराला पैसे थोडे मिळत, पण जोडीला वरचढपणाचा मान मिळे; तेही एक वेतनच! आपल्याकडच्या वाचकाला हे फोडून सांगावे लागणार नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर धाडले.

अमेरिकन इतिहासकारांच्या अग्रगण्य नियतकालिकाने त्या ग्रंथाचे साधे परीक्षणही तेव्हा छापले नाही. आज त्या कालखंडावर लिहू पाहणाऱ्याला तो टाळता येत नाही.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, घानातील आक्रा येथे ते वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला दोन लाखांहून अधिक लोक मोर्च्याने जमले होते. तेथे ही वार्ता सांगण्यात आली. मोर्च्याची मागणी दोनच शब्दांची होती : रोजगार आणि स्वातंत्र्य.