पोट नसलेली गिटार

आजचा विषय आहे फेंडर टेलिकास्टर. पण आधी जरा मिरजेला जाऊन येऊ.

मिरजेचा तंबोरा भोपळ्यापासून बनतो. वाळवलेला, आतून पोकळ केलेला भोपळा. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. आवाज घुमायचा तर पोकळी हवीच, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की भरीव फळीला तारा लावणं म्हणजे वेडेपणा वाटतो.

1940 च्या दशकात गिटारवाल्यांची अडचण मात्र ती पोकळीच होती. बँडमध्ये ड्रम आणि ट्रम्पेटपुढे गिटार ऐकू येईना, म्हणून तिला पिकअप बसवून ॲम्पला जोडायला लागले. आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज गिटारच्या पोटात शिरायचा आणि पिकअपमधून पुन्हा बाहेर यायचा. गणपतीत मंडळाचा माइक स्पीकरसमोर गेला की 'कुंईंऽऽ' होतं ना, तेच.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने पोटच काढून टाकलं! गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवता येत नव्हती. माझ्या मते म्हणूनच जमलं. वाद्य कसं 'असायला हवं' याचं ओझं त्याच्यावर नव्हतं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की वेढ्यांत वीज तयार होते. बारावीचा फॅराडे, बरं का. त्यात पोकळीचं काम काय?

भरीव गिटारी आधीही बनल्या होत्या, पण कारखान्यातून मोठ्या संख्येने निघून चालली ती हीच. 1950 मध्ये नाव होतं ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीचे ड्रम त्याच नावाने विकले जात, म्हणून 1951 पासून टेलिकास्टर. हिची नेक चिकटवलेली नाही, चार स्क्रूंवर बसते. बिघडली? खोला, दुसरी लावा. आम्ही ऑफिसात याला मॉड्युलर डिझाइन म्हणून मीटिंगा घेतो. रेडिओवाल्याला ती रोजची सवय होती.

आवाज? ब्रिजजवळच्या पिकअपचा सूर धारदार, गर्दीतून कापत जाणारा. हात चुकला तर तेही स्वच्छ ऐकू येतं, लपवायला जागाच नाही. रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स तर हिची सहावी तार काढून पाचच तारांवर वाजवतो.

आणि पुण्यातल्या फ्लॅटसाठी हिच्यासारखी सोय नाही. ॲम्पला हेडफोन लावा, रात्री साडेअकराला हवा तितका धिंगाणा घाला. शेजारच्या काकूंना काही ऐकू जाणार नाही.