लुगड्याला हसणारे आणि लुगड्याचा फोटो काढणारे

घरातल्या कुणाला मुंबईला न्यायचं ठरलं की सून हळूच सासूला म्हणते, "आत्याबाई, मुंबईला लुगडं नको, पाचवारी नेसा. लोक बघतात." आत्याबाई पण मुकाट्यानं पेटीतली पाचवारी काढतात, आणि परत येईपर्यंत निऱ्या सावरत बसतात. आमच्या गटात याच्यावर बरेच दिवस बोलणं चाललं होतं. हे लोक बघतात म्हणजे काय बघतात? आणि कधीपासून बघायला लागले? म्हणून आजच्या भागात आम्ही लुगड्याचा आणि त्याला हसणाऱ्यांचा इतिहास सांगणार आहोत. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागात फिरू, आणि मध्येच थोडा वेळ स्कॉटलंड नावाच्या थंड मुलखातही जाऊन येऊ. तिथल्या पुरुषांची गोष्ट ऐकली तर तुम्हाला आपलीच वाटेल.

आधी कापडाबद्दल. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. कासोटा मागे खोचला की पाय मोकळे होतात. चिखलात लावणी करा, बांध चढा, विहिरीत उतरा, काही अडत नाही. ओचा म्हणजे खिसाच, त्यात शेंगा, पैसे, चंची, सगळं राहतं. हा कष्टाचा पोशाख आहे. शहरात जिला खुर्चीवर बसायचं होतं तिनं तो आधी सोडला, हे काही नवल नाही. पण पहिल्यांदा गोल पातळ नेसून ज्या मुली घराबाहेर पडल्या, त्यांनाही नावं ठेवलीच गेली बरं का. कासोटा सोडला म्हणजे मर्यादा सोडली, असं तेव्हाच्या थोरल्या बायका म्हणायच्या. आता उलट झालंय. कासोटा घातला तर मागासलेली.

मुंबईच्या रस्त्यावर बाईला कसं वागवलं जायचं, याची एक साक्ष चांगली पक्की आहे. ती आहे आनंदीबाई जोशींची. पुढं डॉक्टर झालेल्या, त्याच. त्यांचे पती गोपाळराव पोस्टात होते, बदल्या होत असत. मुंबईला असताना आनंदीबाई मिशनच्या शाळेत जायच्या. तेव्हा त्या अगदी पोरसवदा होत्या. पुढं २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून भाषण केलं, त्यात त्या मुंबईच्या दिवसांबद्दल बोलल्या. शाळेत जाताना लोक भोवती जमायचे, खो खो हसायचे. ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित माणसं वाईटसाईट बोलायची, खडे मारायची. दुकानदार आणि फेरीवाले त्यांना बघून थुंकायचे, आणि सांगू नयेत असले हातवारे करायचे. ध्यानात घ्या, त्यांच्या अंगावर काही विलायती झगा नव्हता. चारचौघींसारखंच लुगडं होतं. पण लुगड्यातली बाई शाळेला निघाली होती.

त्याच भाषणात त्यांनी सांगितलं की अमेरिकेला जाईन, पण खाणंपिणं आणि पोशाख बदलणार नाही. तिथं गेल्यावर थंडी अशी की नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहायच्या. मग त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, पाय झाकतील अशी. नवऱ्याला हे पसंत नव्हतं. एवढ्या लांब शिकायला गेलेल्या मुलीला पत्रातून साडीच्या पद्धतीबद्दल उत्तरं द्यावी लागली, हे वाचून आमच्यातल्या दोघीतिघींनी कपाळाला हात लावला. १८८५ सालचा एक फोटो आहे. फिलाडेल्फियाच्या त्या कॉलेजात शिकणाऱ्या तीन जणी: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, त्याही आपल्या देशाच्या पोशाखात. मिळाला तर मुलींना जरूर दाखवा. आनंदीबाई १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात क्षयानं गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं.

थोडं विषयांतर. पुढं काही वर्षांनी संगीत नाटकांचा काळ आला. बालगंधर्व नऊवारी नेसून रंगमंचावर आले की लोक टाळ्यांचा कडकडाट करायचे. त्यांचं नेसणं, त्यांचे दागिने बघून चांगल्या घरच्या बायका तसं नेसायला लागल्या. पुरुष नेसला तर कला आणि बाई नेसून रस्त्यावर आली तर चेष्टा. असो.

पुरुषांनाही कपड्यावरून जोखतात, पण त्यात त्यांची जात आणि पैसा बघतात. २ मार्च १८८८ ला पुण्यात विक्टोरिया राणीच्या मुलासाठी, ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी, मेजवानी होती. सगळे जरीच्या कपड्यांत, आणि जोतीराव फुले साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले. दारावर त्यांना अडवलं होतं, असं सांगतात. आत जाऊन त्यांनी पाहुण्यांना सुनावलं की इथं जमलेली ही भरजरी मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, ११ मे १८८८ ला, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं.

आता गिरणगाव. पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५० च्या दशकात निघाली, आणि मग परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी भोंग्यांनी भरून गेलं. रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून माणसं आली, बायकाही आल्या. १९२० च्या दशकात गिरणीतल्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. बहुतेक जणी सूत गुंडाळायच्या खात्यात. यंत्राजवळ फडफडणारं कापड धोक्याचं, तिथं कासोटा आणि कंबरेला खोचलेला पदर बरा. ज्या गिरणीत जात नव्हत्या त्या खानावळी चालवायच्या, एकेका खोलीत आठ-दहा माणसांचं जेवण. याच खानावळवाल्या बायकांना घेऊन १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आपल्या बचत गटांच्या आधीची ही गोष्ट.

म्हणजे मुंबईचं कापड ज्यांच्या हातांखालून गेलं त्या लुगड्यातल्या बायका होत्या. आणि त्याच मुंबईत त्यांच्यासाठी एक शब्द तयार झाला, घाटी. खरं तर घाट उतरून आलेला तो घाटी, एवढाच अर्थ. पण तो कसा उच्चारतात यावर सगळं आहे. ज्याला आपलं गाव लपवायचं असतं, तोच तो सगळ्यात जोरात उच्चारतो, असं आमचं निरीक्षण आहे.

कोळणींचं तर त्याहून वेगळं. मुंबईत सगळ्यांच्या आधीपासून राहणारे म्हणजे कोळी. त्यांच्या बायका पहाटे माळ घेऊन, टोपल्या घेऊन गाडीच्या सामानाच्या डब्यातून जातात, आणि दादर, परळ, लालबागच्या बाजारात बसतात. लोक नाकाला रुमाल लावतात, आणि संध्याकाळी त्यांच्याकडूनच पापलेट घासाघीस करून घेतात. कोळीण भांडखोर, असा लौकिक. दिवसातून दहादा नाक मुरडलेलं बघायचं तर आवाज चढा ठेवावाच लागत असेल, आम्हाला तरी तसं वाटतं.

मात्र लुगडं सगळ्यांनाच सारखं नेसू दिलं जात होतं, असं समजू नका. गावोगाव ठरलेलं होतं, कोणी किती वर, कसं नेसायचं. दलित बाईनं लुगडं आखूड नेसायचं, दागिने जाड कथलाचे, चांदीचे, म्हणजे लांबूनच ओळखू यावी. इथं परळचा संबंध येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत राहायचे, आणि १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम परळच्याच दामोदर हॉलमधून चालायचं. पुढं १९३०च्या दशकात ते दादरला राजगृहात राहायला गेले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद झाली, मनुस्मृती जाळली ती हीच. तिच्या अखेरीस बाबासाहेब खास बायकांशी बोलले. मुलींना शिकवा, दारू पिऊन येणाऱ्याला जेवू घालू नका, हे सांगितलंच, पण लुगड्याबद्दलही सांगितलं. ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात ते सोडा, घोट्यापर्यंत नेसा. फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या.

आणि बायकांनी काय केलं? विचार करून सांगतो म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नव्या पद्धतीनं नेसून दिसल्या. टिपणीस आणि चित्रे या कायस्थ सहकाऱ्यांच्या घरातल्या बायकांनी त्यांना नेसायला मदत केली. एका बाईनं दुसरीच्या निऱ्या धरायच्या, एवढीशी गोष्ट, पण त्या काळात एकीनं दुसरीला शिवणंसुद्धा विटाळ होता.

दुसरीकडं हे सोपं नव्हतं. महाडनंतर आठवड्याभरात, जानेवारी १९२८ मध्ये, इंदूर जिल्ह्यातल्या गावांची बातमी वर्तमानपत्रात आली. तिथल्या सवर्णांनी बलाई समाजाला फर्मान काढलं होतं: जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने आणि नक्षीचे कपडे घालायचे नाहीत. बाबासाहेबांनी पुढं आपल्या लिखाणात ही हकीकत नमूद केली. म्हणजे आखूड नेसलं तर हसायचं आणि पुरतं नेसलं तर मारायचं.

आता स्कॉटलंड. विलायतेच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख. तिथले पुरुष किल्ट नेसतात, म्हणजे चौकड्यांच्या लोकरी कापडाचा, मागे चुण्या घातलेला, गुडघ्यापर्यंतचा घागराच म्हणा. १७४६ मध्ये तिथल्या डोंगरी लोकांचा बंड हरला, आणि इंग्रज सरकारनं कायदा केला की पुरुषांनी आणि मुलांनी हा पोशाख करायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं काळ्या पाण्यासारखी हद्दपारी. कापडासाठी! सूट फक्त सैन्याला. म्हणून किल्ट पलटणीत टिकला, आणि पलटणीबरोबर आपल्याकडं आला. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यात असईला इंग्रज आणि मराठे यांची मोठी लढाई झाली, तिथं ७८ नंबरची हायलँडर पलटण किल्ट नेसून लढली. अशा पलटणींना आपल्याकडचे लोक घागरा पलटण म्हणायचे. आपणही हसलो, बघा!

तो कायदा १७८२ मध्ये उठला. मग १८२२ मध्ये खुद्द इंग्लंडचा राजा एडिंबरा शहरात आला आणि त्यानंही किल्ट घातला. झालं, ज्या शहरी लोकांनी डोंगऱ्यांना रानटी म्हटलं होतं, तेच शिंप्याकडं धावले. आज तिथं लग्नात नवरामुलगा किल्ट घालतो. तरीही साध्या दिवशी कोणी घालून बाहेर पडला, की वात्रट माणसं विचारतात, आत काय घातलंय? काही जण तर घोळ उचलून बघतात. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, "चला, एका तरी पुरुषाला कळलं म्हणायचं." सगळ्या हसल्या. मग जरा शांतता झाली.

एडिंबऱ्याला झालं तेच आता गिरगावात होतंय. पाडव्याच्या शोभायात्रेत शिकलेल्या मुली नऊवारी, नथ, फेटा घालून बुलेटवर बसतात. ढोल वाजतात, पेपरात फोटो येतात. दादरच्या दुकानांत शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी पाय घालून चढवायची, पाच मिनिटांत काम. आम्हाला त्या मुलींचा राग नाही. छान दिसतात, आणि गाडीवर बसायला कासोटाच बरा हे त्यांनाही कळलंय. पण त्याच दिवशी त्याच रस्त्यावरून रोजच्या लुगड्यातली म्हातारी भाजीची पाटी घेऊन गेली, तर तिला कोणी बाजूला हो म्हणू नये, एवढं तरी व्हायला हवं की नको?

आमच्या गटातल्या चौघी मागं मुंबईला माल विकायला गेल्या होत्या. गिरणीच्या जागेवर झालेला एक मॉल बघायला गेल्या. तिघी पाचवारीत, एक इरकली लुगड्यात. दारावरच्या माणसानं तिघींना सोडलं आणि चौथीला विचारलं, "मावशी, कुठं? कामाला आलीस का? मागच्या दारानं जा." त्या म्हणाल्या, "माझा चुलता याच गिरणीत तीस वर्षं होता. मी जागा बघायला आले." आणि गेल्या आत. तो पोरगाही बहुतेक आपल्याकडच्याच कुठल्या तरी गावचा, म्हणून त्याला फार दोष देववत नाही. त्याला जे शिकवलं ते तो करत होता. पण 'आलीस का' हे एकेरी मात्र त्या अजून विसरलेल्या नाहीत.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आम्ही जुन्या लुगड्यांची नावं लिहून घेणार आहोत. इरकल, जिजामाता, टोपपदरी, काठाचे प्रकार, रंगांची नावं, कोणत्या बाजारातून यायची, किती रुपयांना पडायची. थोरल्या बायकांना बोलतं करा, जमलं तर एखादं जुनेर घेऊन या, आणि नेसून दाखवणारी कोणी असेल तर तिला नक्की बरोबर आणा. बैठक नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी.