ग्राहकाचा अभिप्राय आणि अजाइल सॉफ्टवेअर-विकास : क्रायस्लरच्या ‘सी-थ्री’ प्रकल्पाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सॉफ्टवेअरनिर्मितीच्या इतिहासात ‘अजाइल’ पद्धतीचा प्रारंभ सामान्यतः फेब्रुवारी २००१ पासून मानला जातो. अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ तज्ज्ञ एकत्र आले व त्यांनी एक जाहीरनामा तयार केला. करारातील कलमांवर घासाघीस करीत बसण्याऐवजी ग्राहकाला सोबत घेऊन काम करावे, हा त्यातील चार मूल्यांपैकी एका मूल्याचा आशय होय. तथापि जाहीरनामा काय व्हावे ते सांगतो. काय झाले ते सांगत नाही. प्रत्यक्ष काय घडले हे पाहावयाचे असेल तर त्या १७ जणांपैकी केंट बेक, रॉन जेफ्रीज व मार्टिन फाउलर या तिघांचा ज्याच्याशी संबंध आला त्या ‘सी-थ्री’ या वेतनप्रणाली-प्रकल्पाकडे वळावे लागते.

पूर्वपीठिका :

अजाइलपूर्व काळात ग्राहकाला कोणी विचारतच नव्हते, असा एक समज रूढ आहे. तो तपासून घेण्यासारखा आहे. ज्या ‘धबधबा’ प्रारूपाचे जनकत्व विन्स्टन रॉइस यांना दिले जाते, त्यांच्या १९७० च्या लेखात ‘धबधबा’ हा शब्दच नाही. उलट टप्प्याटप्प्याने सरळ खाली येणारी कार्यपद्धती धोक्याची आहे, असा इशारा त्यांनी दिला होता आणि अंतिम सुपूर्तीपूर्वीच ग्राहकाला कामात बांधून घ्यावे, असे सुचविले होते. मूळ लेख न वाचता त्यातील एका आकृतीवरून मत बनविण्याची ही परंपरा केवळ संगणकशास्त्रापुरती मर्यादित नसावी.

प्रकल्पाची वाटचाल :

क्रायस्लर कंपनीत वेतनाच्या अनेक जुन्या प्रणाली होत्या. त्यांच्या जागी सुमारे ८७,००० कर्मचाऱ्यांसाठी एकच प्रणाली उभारावी, असा ‘सी-थ्री’चा हेतू होता. स्मॉलटॉक या संगणकीय भाषेत काम सुरू झाले. परंतु १९९६ मध्ये बेक यांना पाचारण करण्यात आले तोपर्यंत एकाही कर्मचाऱ्याचा पगार त्या प्रणालीतून निघालेला नव्हता. बेक यांनी कामाची घडी नव्याने बसविली व जेफ्रीज यांना मार्गदर्शक म्हणून आणले. या प्रयत्नांतूनच ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’ ही पद्धती आकारास आली.

या पद्धतीत ग्राहकाचा प्रतिनिधी विकसकांच्या सोबतच बसत असे. वेतनाचा नियम तो साध्या भाषेत एका कार्डावर लिही. त्याला किती श्रम लागतील, हे विकसक सांगत; आधी काय करावयाचे, हे मात्र प्रतिनिधीच ठरवी. तीन आठवड्यांच्या आवर्तनाअखेर चालू स्थितीतील प्रणाली त्याच्यापुढे ठेवली जाई. वेतनासारख्या विषयात याचे महत्त्व विशेष आहे. भत्ते, कपाती, रजा यांचे नियम कागदावर असतात त्याहून अधिक ते पगारपत्रक करणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतात. आपल्या महाविद्यालयांच्या कार्यालयांतही याहून वेगळी स्थिती नाही! असे नियम प्रश्नावलीतून बाहेर येत नाहीत. चुकलेला आकडा समोर दिसला की मगच आठवतात.

मे १९९७ मध्ये, नियोजित वेळेपेक्षा सुमारे दोन महिने उशिरा, मासिक वेतन घेणाऱ्या सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचा पगार नव्या प्रणालीतून होऊ लागला. पूर्वीची निष्फळ वर्षे लक्षात घेता हे यश लहान म्हणता येणार नाही.

ग्राहक म्हणजे कोण? :

परंतु त्यानंतर काही महिन्यांतच ग्राहक-प्रतिनिधीने कामाच्या ताणामुळे प्रकल्प सोडला आणि तेवढ्या योग्यतेची दुसरी व्यक्ती मिळाली नाही. पुढील वेतनगटांपर्यंत प्रणाली पोहोचलीच नाही. १९९८ मध्ये क्रायस्लरचे डाइम्लर-बेंझशी विलीनीकरण झाले आणि फेब्रुवारी २००० मध्ये प्रकल्प बंद करण्यात आला. बेक यांचे या पद्धतीवरील पुस्तक जेमतेम काही महिन्यांपूर्वी, १९९९ मध्ये प्रकाशित झाले होते.

हे अपयश केवळ विलीनीकरणाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. संपूर्ण संस्थेचा अभिप्राय एकाच व्यक्तीच्या तोंडून यावा, अशी रचना करणे म्हणजे त्या व्यक्तीवर असह्य भार टाकणे होय. दुसरे असे की, ती व्यक्ती बोलते कोणाच्या वतीने? मराठीत ‘गिऱ्हाईक’ आणि ‘वापरकर्ता’ हे दोन शब्द सहज वेगळे पडतात. पैसे मोजणारा एक, वस्तू हाताळणारा दुसरा. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगच्या अभ्यासकांत या प्रकल्पाच्या संदर्भात असाच भेद पुढे चर्चिला गेला : गरज सांगणारा वेगळा आणि सोने ज्याच्या हाती तो वेगळा. ‘सी-थ्री’मध्ये पहिल्याचे म्हणणे दर तीन आठवड्यांनी ऐकले जात होते. प्रकल्प बंद करण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याकडे होता आणि त्याचा अभिप्राय मिळविण्याची तितकी नियमित सोय पद्धतीत नव्हती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बेक यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती २००४ मध्ये निघाली. तीत ‘जागेवर बसणारा ग्राहक’ ही पहिल्या आवृत्तीतील संज्ञा मागे पडून, प्रत्यक्ष झळ ज्यांना बसते अशा खऱ्या ग्राहकांच्या सहभागाची भाषा आलेली दिसते.