साधा वर्तमानकाळ: एका शिपायाने शिकलेला

व्याख्यानमालेत व्याकरणावर बोलायला कामगार संघटनेतला माणूस उभा राहिला, की श्रोत्यांना नवल वाटावे हे साहजिक आहे. आम्ही पंडित नाही. जे थोडेबहुत इंग्रजी येते ते पाळी सुटल्यावर, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतल्या ओळींवर बोट ठेवून मिळवलेले. परंतु त्या भाषेचा पहिला धडा, म्हणजे साधा वर्तमानकाळ, आम्हांला फार उशिरा कळला. आणि तो पुस्तकात नव्हे, साहेबाच्या टेबलापुढे कळला.

आमच्या एका बदली कामगाराला कायम व्हायचे होते. त्याने आपल्या हाताने इंग्रजीत अर्ज लिहिला: 'आय ॲम वर्किंग इन धिस डिपार्टमेंट.' अधिकाऱ्याने अर्ज वाचला आणि हसून म्हटले, "हे काम तात्पुरते चालले आहे, असे तुम्हीच लिहून देता आहात. नेहमीचे असते तर 'आय वर्क' लिहिले असते." पुढे हजेरीपत्रकांनी आमची बाजू सावरली. निकाल त्या वाक्यावर लागला नाही. पण ते हसणे आमच्या मनातून गेले नाही. त्याच दिवशी आम्ही ठरवले, की या दोन शब्दांचा छडा लावायचा.

आधी घरचे पाहू. मराठीत 'मी काम करतो' आणि 'तो काम करतो' यांत क्रियापदाचे रूप एकच. 'स' लागतो तो 'तू'ला: 'तू काम करतोस'. इंग्रजीत 'आय वर्क', 'यू वर्क', पण 'ही वर्क्स'. तिथे 'स' लागतो तो 'तो'ला. म्हणजे आपल्या मुलाकडून तो 'स' गळतो तेव्हा तो आळशी नसतो, मातृभाषेशी इमान राखून असतो. दुसरी गोष्ट: आपण उंबऱ्यातून निघता निघता 'येतो हं' म्हणतो. क्रिया या क्षणाची, तरी काळ साधा. इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ मुख्यतः नेहमीची गोष्ट सांगतो: सूर्य पूर्वेला उगवतो, कामगार सातला फाटकात शिरतो. या घटकेला चालू असलेल्या कामासाठी इंग्रज वेगळे रूप वापरतो. हा भेद ध्यानात आला की अर्धा धडा झाला.

आता इतिहासाकडे वळू, कारण हे नियम आभाळातून पडलेले नाहीत. ज्या 'स'वरून आपल्याला हसतात, तो लंडनच्या दरबारात जन्मलेला नाही. दक्षिणेकडच्या जुन्या इंग्रजीत 'तो जातो' याला 'ही गोएथ' असे रूप होते. त्यातला 'थ' हा संस्कृत 'गच्छति'मधल्या 'ति'चा दूरचा भाऊबंद. 'स' लावायची रीत उत्तर इंग्लंडमधल्या बोलीची. ती हळूहळू दक्षिणेकडे उतरली. १६११ साली राजाज्ञेने बायबलचे जे भाषांतर छापले गेले, त्यात जुना 'एथ'च ठेवला आहे. शेक्सपियरच्या नाटकांत दोन्ही रूपे नांदतात. पुढे बोलण्यात आणि लिहिण्यात 'स' जिंकला. चालू वर्तमानकाळाचे आजचे रूपही गेल्या तीनचारशे वर्षांत हळूहळू पक्के झाले. त्याआधी हातात असलेल्या कामालाही इंग्रज पुष्कळदा साधेच रूप वापरीत. म्हणजे उत्तरेकडच्या बोलीतले अक्षर राजधानीत आले, तिथे व्याकरणकारांनी त्याचा नियम केला, आणि मग त्या नियमाने गावच्याच माणसाला अडाणी ठरवले. इंग्लंडमध्येच नॉरफोकचा शेतमजूर 'ही गो' म्हणतो. त्याचीही टवाळी होतच आली आहे.

ती टवाळी नुसती टवाळी राहत नव्हती. १७९३ साली शेफील्डच्या लोकांनी पार्लमेंटच्या सुधारणेसाठी अर्ज केला. भाषा अदबीची नाही, असे म्हणून कॉमन्स सभेने तो स्वीकारला नाही. मागणी खरी की खोटी हा प्रश्न मागे पडला, बोलण्याची ढब पुढे आली.

या अन्यायाचे मर्म ज्याने ओळखले, तो विल्यम कॉबेट. जन्म १७६३, सरे परगण्यातल्या फार्नहॅम गावी, शेतकऱ्याच्या घरी. लहानपणी नांगराशी राबलेला. १७८४ साली तो सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला. पगार दिवसाला सहा पेन्स. चॅटमच्या छावणीत अधिकाऱ्याची पत्रे उतरून काढण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि चुका दिसू लागल्या. अधिकाऱ्याने व्याकरण शिकण्याचा सल्ला दिला. कॉबेटने बिशप लाउथचे व्याकरण मिळवले, हाताने उतरून काढले, तोंडपाठ केले, आणि पहाऱ्यावर उभा असताना ते मनाशी म्हणत राहिला. बसायला खाटेची कड, लिहायला मांडीवरची फळी. तेलाला पैसे नाहीत म्हणून हिवाळ्यात शेकोटीचा उजेड. एकदा सकाळी मासा विकत घ्यायला म्हणून त्याने अर्धा पेनी राखून ठेवला होता. रात्री कपडे काढताना पाहतो तो नाणे हरवलेले! भुकेला शिपाई पांघरुणात तोंड खुपसून लेकरासारखा रडला. हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

हाच माणूस पुढे मोठा पत्रकार झाला. सैनिकांना फटके मारण्याविरुद्ध लिहिले म्हणून १८१० साली तुरुंगात गेला. १८१६ साली त्याने आपल्या पत्राची दोन पेन्सांची स्वस्त आवृत्ती काढली आणि ती मजुरांच्या हाती पोहोचली. १८१७ साली सरकारने विनाचौकशी अटकेचा मार्ग मोकळा केला, तेव्हा तो अमेरिकेत निघून गेला. तिथे लाँग आयलंडच्या शेतावर राहून त्याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले, मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने. ते १८१८ साली न्यूयॉर्कला छापले गेले. हे पुस्तक विशेषेकरून शिपाई, खलाशी, उमेदवार कारागीर आणि नांगरामागे चालणारी पोरे यांच्यासाठी आहे, असे मुखपृष्ठावरच सांगितले आहे. त्यातली गंमत अशी, की चुकीच्या वाक्यांचे नमुने त्याने मजुरांच्या तोंडचे घेतले नाहीत. राजाची भाषणे, मंत्र्यांचे खलिते यांतून चुका वेचून दाखवल्या. पुढच्या आवृत्तीत राज्यकर्त्यांनी अशुद्ध लिहू नये म्हणून सहा धडेही जोडले. १८३२ साली तो ओल्डहॅममधून पार्लमेंटवर निवडून आला.

कोणी म्हणेल, व्याकरणाने पोट भरते काय? नाही भरत. शेफील्डचा अर्ज शुद्ध असता तरी त्या सभेने तो मान्य केलाच असता, असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडे १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या हजारो सह्यांनिशी मांडल्या. रविवारच्या सुटीसाठी पुढे १८९० साल उजाडावे लागले, आणि तेही सभा भरवून, माणसे जमवून. जोर एकीचाच. पण कागद लिहिणाराच्या हाती असेल, तर समोरच्याला हसून विषय बदलता येत नाही. इतकेच, आणि हे थोडे नव्हे.

आमच्या संघटनेच्या खोलीत संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो. पहिल्या दिवशी आम्ही फळ्यावर राजाराणीची वाक्ये लिहीत नाही. प्रत्येकाने आपले नेहमीचे काम एका वाक्यात सांगायचे, मग शेजाऱ्याचे सांगायचे. 'आय वर्क. ही वर्क्स.' शेजाऱ्याकडे बोट दाखवताना 'स' विसरला, की सारा वर्ग हसतो. पण ते हसणे आपसांतले असते, आणि विसरणारा पुन्हा म्हणतो.