तळटीप १२ : हाका
१२. हाका : दाट रानातले डुक्कर किंवा भेकर आरडाओरडा करून, डबे बडवून दबा धरून बसलेल्या बंदूकवाल्यांकडे पिटाळण्याची सामूहिक शिकारीची रीत. कोकणात यासाठी ठासणीच्या बंदुका वापरत. प्रत्येकाची बसण्याची जागा आधी ठरे आणि हाका संपेपर्यंत ती सोडायची नसे. झुडपाआड हललेला माणूस जनावर समजून टिपला जाण्याची भीती असे. ‘जागा सोडू नकोस, दिसल्याशिवाय बार काढू नकोस’ असे वडील लग्न ठरलेल्या मुलाला बजावतात, ते याच शिस्तीवरून : रागाच्या भरात घराबाहेर पडू नये, खात्री केल्यावाचून बायकोला बोलू नये. प्रसंग वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ येण्यापूर्वीचा आहे. १९९१च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे परवानेही बंद झाले. – संपा.